जॉयस्टिक विंडोज ११ वर मधेच गायब होते. ड्रायव्हरचा घोळ की आणखी काही?

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. अर्धवट लिहिलं की पहिले दहा प्रतिसाद "विंडोज कुठलं?" आणि "कुठल्या पोर्टला लावलीय?" यातच जातात, म्हणून सगळं एकदम लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी घणसोलीला राहतो. फ्लाइट सिम्युलेटरचा नाद जुना. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्याच बाजूने खाडी ओलांडून जातात, त्यामुळे घरात बसून तोच अप्रोच उडवायची हौस. जॉयस्टिक सेकंडहँड आहे. यूएसबीची, दांडा पिळला की रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी) चालतो, बुडाशी छोटा थ्रॉटल, बारा बटणं, डोक्यावर हॅट, म्हणजे अंगठ्याने ढकलायचं दिशांचं बटण. मूळ खोका आणि ड्रायव्हरची सीडीही मिळाली होती.

विंडोज १० वर बिचारी निमूट चालत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून नवीन एसएसडी घेऊन त्यावर विंडोज ११ कोरं टाकलं. जॉयस्टिक लावल्याबरोबर ओळखली गेली, खूश झालो. पण दोन गोष्टी होतात. एक म्हणजे विमानाचं नाक मधूनच डावीकडे हिसका खातं, मी हात लावलेला नसताना. दुसरं म्हणजे खेळता खेळता जॉयस्टिक गायब होते, यूएसबी काढल्यावर वाजतं तसं "टुडुंग" वाजतं आणि चार-पाच सेकंदांनी परत येते. कधी कधी येतच नाही, मग मशीन रीस्टार्ट.

ड्रायव्हरचाच प्रॉब्लेम असणार म्हणून सीडीतला ड्रायव्हर टाकला. तर आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंपनीच्या नावाची एक जादा नोंद आलीय, तिच्यावर पिवळा त्रिकोण, कोड ३९. शिवाय कोपऱ्यात "ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही" असा विंडोजचा निरोप येतो. नाक ओढणं आणि गायब होणं चालूच.

कंपनीच्या साइटवर हे मॉडेल आता नाही. कुणाकडे विंडोज ११ ला चालणारा ड्रायव्हर आहे का?

---

आईशप्पथ | शुक्रवार, रात्री ११:२०

नवीन घ्या. हाकानाका.

---

फास्टफॉरवर्ड | शुक्रवार, रात्री ११:३१

कोड ३९ म्हणजे मेमरी इंटिग्रिटी आडवी येतेय. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि रीस्टार्ट. माझ्या एका जुन्या कार्डला असंच केलं होतं, दोन मिनिटांत काम.

---

बिट_बाय_बिट | शनिवार, सकाळी ७:५५

निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे.

खाडीकाठ, आधी एक गोष्ट पक्की करू. साध्या यूएसबी जॉयस्टिकला कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही. जॉयस्टिक लावली की ती स्वतःच कॉम्प्युटरला सांगते की माझ्याकडे इतके अक्ष आहेत, इतकी बटणं आहेत, एक हॅट आहे. कीबोर्ड आणि माऊस ज्या पद्धतीने ओळखले जातात तीच ही पद्धत, एचआयडी म्हणतात. ती वाचणारा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असतो. तुमची जॉयस्टिक सीडीशिवाय लगेच ओळखली गेली ती म्हणूनच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "एचआयडी-कम्प्लायंट गेम कंट्रोलर" अशी एक नोंद असेल, तिच्यावर त्रिकोण नसणार. बघून सांगा.

मग सीडीत काय होतं? बहुतेक जुन्या जॉयस्टिकबरोबर बटणांना कीबोर्डच्या कळा नेमून द्यायचा एक प्रोग्रॅम यायचा. त्यासाठी तो एक खोटा कीबोर्ड आणि खोटा माऊस सिस्टममध्ये उभा करायचा. त्रिकोण आलाय तो त्या खोट्या उपकरणावर. ते बंद पडलं म्हणून विमानाचं नाक डावीकडे जाणार नाही.

मेमरी इंटिग्रिटीबद्दल: विंडोज ११ कोरं टाकलं की बऱ्याच मशीनवर ही सोय आधीपासून चालू असते. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, कुणी घुसायचं यावर ती पहारा ठेवते, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले ड्रायव्हर तिच्या नियमांत बसत नाहीत. ज्या मशीनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो त्या मशीनचा पहारेकरी एका खोट्या कीबोर्डसाठी घरी पाठवायचा, हे मला पटत नाही. तसंच कुणी ड्रायव्हर सिग्नेचरची तपासणी बंद करा म्हणेल, तेही नको. स्टार्टअपच्या पर्यायांमधून बंद केली तर ती पुढच्या रीस्टार्टपर्यंतच बंद राहते, आणि टेस्ट मोड कायमचा चालू ठेवला तर फसवेगिरी पकडणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम सुरूच होत नाहीत.

तो सीडीवाला ड्रायव्हर काढून टाका. नुसतं "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करून भागत नाही, कारण फाइल विंडोजच्या ड्रायव्हर-कोठारात पडून राहते आणि जॉयस्टिक पुन्हा लावली की तीच परत बसते. आधी सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून कंपनीचा प्रोग्रॅम काढा. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून "पीएनपीयुटिल", जागा, "स्लॅश एनम-ड्रायव्हर्स" असं चालवा. लांबलचक यादी येईल. त्यात कंपनीचं नाव शोधा, वर "ओईएम" आणि एक आकडा, पुढे "डॉट आयएनएफ" असं नाव दिसेल. तो आकडा कागदावर लिहून घ्या. मग "पीएनपीयुटिल स्लॅश डिलीट-ड्रायव्हर", ते नाव, आणि शेवटी "स्लॅश अनइन्स्टॉल". आकडा दोनदा तपासा, नाहीतर वायफायचा ड्रायव्हर उडवून बसाल आणि इथे येऊन विचारताही येणार नाही.

आणि ते "तुमचे सर्व ड्रायव्हर अपडेट करा" म्हणणारे फुकट प्रोग्रॅम मशीनच्या जवळपास फिरकू देऊ नका.

---

आईशप्पथ | शनिवार, सकाळी ८:१०

वायफायचा ड्रायव्हर उडवणारा एक प्राणी माझ्या माहितीत आहे. सध्या मोबाईलवरून टाइप करतोय.

---

जुनाट | शनिवार, सकाळी ९:४०

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पाचपाखाडीच्या घरी माळा साफ करताना १५ पिनवाली जॉयस्टिक सापडली. साउंडकार्डला लागायची ती. दांडा अजून मऊ आहे. आताच्या मशीनला लागेल का? तिचा ड्रायव्हर कुठे मिळेल?

---

तीन_तारा | शनिवार, सकाळी १०:०५

जुनाट, तुमच्या जॉयस्टिकमध्ये ड्रायव्हर लागण्यासारखं काही नाहीच. आत फक्त पॉट (फिरवलं की विजेचा रोध बदलणारे पोटेंशिओमीटर) आहेत, प्रत्येकी साधारण १०० किलोओहमचे, आणि बटणं. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीबरोबर गेम अडॅप्टर काढला तेव्हापासूनची ही रीत. कार्डावरचा कॅपॅसिटर पॉटमधून भरायला किती वेळ लागतो ते कॉम्प्युटर मोजायचा आणि त्यावरून दांडा कुठे आहे ते ठरवायचा. मोजमाप वेळेचं असल्याने मशीन बदललं की कॅलिब्रेशन बिघडायचं. विंडोज व्हिस्टापासून म्हणजे २००७ पासून गेमपोर्टचा पाठिंबाच काढून टाकला. आता मार्ग एकच, १५ पिनचं टोक घेऊन यूएसबी देणारा अडॅप्टर. तो स्वतःच एचआयडी म्हणून उभा राहतो, त्यामुळे पुढे विंडोज ११ लाही चालतो. घेताना एक बघा, साउंडकार्डच्या त्याच पोर्टमधून मिडीपण (संगीताच्या कीबोर्डसारख्या वाद्यांचा सिग्नल) निघायचं आणि नुसत्या मिडीच्या केबलही तशाच दिसतात. ती घेऊन आलात तर काही होणार नाही.

आता खाडीकाठ. बिट_बाय_बिट यांनी लिहिलंय ते सगळं करा. पण मला दुसरंच विचारायचंय. जॉयस्टिक गायब होते त्या क्षणी तुमचा हात काय करत असतो?

---

खाडीकाठ | शनिवार, दुपारी १२:३०

बिट_बाय_बिट, मनापासून धन्यवाद. ड्रायव्हर तुम्ही सांगितला तसा काढला. त्रिकोण गेला, तो निरोपही येत नाही. "एचआयडी-कम्प्लायंट गेम कंट्रोलर" खरंच होता आणि आधीपासून ठीकठाक होता. हिसका आणि गायब होणं मात्र तसंच.

तीन_तारा, असा विचार केला नव्हता. सकाळी मुद्दाम लक्ष ठेवून बसलो. हवेत असताना जवळजवळ कधीच जात नाही. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, जाते! धावपट्टीकडे वळताना दांडा डावीकडे पूर्ण पिळतो तेव्हा. आता आठवतंय, नाक ओढणं पावसाळ्यातच सुरू झालं होतं, विंडोज १० असताना. तेव्हा क्वचित व्हायचं म्हणून गेममधला वारा असेल समजलो.

---

फास्टफॉरवर्ड | शनिवार, दुपारी १२:४१

यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघितलंत का? पॉवर ऑप्शन्समध्ये असतं. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" असा टिकमार्क असतो, तोही काढा.

---

बिट_बाय_बिट | शनिवार, दुपारी १:०२

हे करून बघायला हरकत नाही, काही बिघडत नाही. पण सस्पेंड होतं ते उपकरण रिकामं बसलेलं असताना. इथे तर जोरात पिळताना जातंय.

आणखी एक, हबला लावलीय की थेट? स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब एका पोर्टला १०० मिलिॲम्पिअर देण्यालाच बांधील असतो, मशीनचा यूएसबी २ पोर्ट ५०० देतो. त्याच हबवर हार्ड डिस्कपण असेल तर जॉयस्टिक उपाशी राहते.

---

खाडीकाठ | शनिवार, दुपारी १:१५

थेट मागच्या पोर्टला. सस्पेंड बंद केलं, फरक शून्य.

---

पेंग्विनप्रेमी | शनिवार, दुपारी २:२०

विंडोजमध्ये इतकं खणण्यापेक्षा विंडोजच बाजूला काढा. पेनड्राइव्हवर कुठलंही लिनक्स लाइव्ह टाका, त्यावरून बूट करा, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. टर्मिनलमध्ये "ईव्हीटेस्ट" चालवा, नसेल तर इन्स्टॉल करून घ्या. जॉयस्टिकमधून येणारे कच्चे आकडे सरळ दिसतात. ना विंडोजचा ड्रायव्हर, ना कॅलिब्रेशन, ना गेमचा डेडझोन (मधोमधची बारीक हालचाल दुर्लक्षित करणारा पट्टा). "जेएसटेस्ट" नको, त्या मार्गात मधोमध थोडा डेडझोन आधीच धरलेला असतो आणि बारीक थरथर लपते.

तिथेही हिसका दिसला तर ड्रायव्हर निर्दोष. लिनक्स वापरा असं म्हणत नाहीये (म्हणतोच आहे), पण अर्ध्या तासात प्रश्न अर्धा होतो.

एवढाही खटाटोप नको असेल तर ओटीजी केबलने जॉयस्टिक अँड्रॉइड फोनला लावा आणि एखादा गेमपॅड टेस्टर उघडा. पिळायचा अक्ष फोनवर दिसेलच असं नाही, पण पिळताना कनेक्शन तुटतंय का ते कळेल.

---

सुपरनोवा_७ | शनिवार, दुपारी ३:०५

मधेच घुसते, माफ करा. खारघरहून. मुलासाठी स्टिअरिंग व्हील आणलंय. गेममध्ये गाडी वळते, पण हाताला जोर लागत नाही आणि चाक थोडंच फिरवलं तरी गाडी गरकन वळते. वर वाचून वाटलं की कंपनीचा ड्रायव्हर टाकायचाच नाही. की टाकायचा?

---

बिट_बाय_बिट | शनिवार, दुपारी ३:२२

तुम्ही टाकायचा. आधी लिहायला हवं होतं, ते "साध्या" जॉयस्टिकपुरतंच होतं. चाकात मोटर असते. हाताला जोर किती द्यायचा, चाक किती अंशांत फिरायचं, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच ठरतं. विंडोजच्या ड्रायव्हरने चाक ओळखलं जातं, बटणं चालतात, बाकी बरंचसं मुकं राहतं. कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ साठीचं सॉफ्टवेअर घ्या, आणि ते बसवताना चाक कधी लावायचं याच्या सूचना पाळा, बरेचदा ते आधी लावायचं नसतं. चाकावर पीसी आणि कन्सोल असा मोड बदलायचा खटका असेल तर तो पीसीवर आहे ना बघा. आणि चाकाचा वीजपुरवठा वेगळा असेल तर तो लावला आहे ना? हसू नका, जोर न लागण्याचं ते पहिलं कारण असतं.

---

सुपरनोवा_७ | शनिवार, दुपारी ३:५०

अडॅप्टर खोक्यातच होता, थर्माकोलच्या खाली. 🙈 आता चाक हात पिरगाळतंय. सॉफ्टवेअर रात्री टाकते.

---

खाडीकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:४५

पेंग्विनप्रेमी, केलं. माझ्या जॉयस्टिकचे आकडे ० ते २५५ मध्ये येतात, मधे सोडलं की १२८ च्या आसपास. एक्स आणि वाय एकदम शहाणे, एखाद्या आकड्याने इकडेतिकडे. पिळायचा अक्ष, जो तिथे आरझेड नावाने दिसतो, तोही १२८ ला नीट बसलेला. मग हात न लावता टेबलाला हलका धक्का दिला. १२८, १२८, ०, ०, १२८. अधलेमधले आकडे नाहीतच, सरळ शून्य. डावीकडे हळूहळू पिळत नेलं तर ९० पर्यंत छान उतरतो आणि तिथून एकदम शून्यावर उडी. शेवटपर्यंत पिळलं आणि लिनक्समध्येही जॉयस्टिक गायब!

म्हणजे ड्रायव्हर सुटला. मग पॉट गेलाय का? पावसाळ्याचं आणि खाडीच्या हवेचं काही?

---

तीन_तारा | शनिवार, संध्याकाळी ७:३०

अहो, आता ती जॉयस्टिक मशीनला लावू नका. खरंच सांगतोय, काढून ठेवा.

पॉट झिजला की काय होतं? आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते, चरे पडतात, मग आकडा थरथरतो. १२८ चा १४०, १४० चा ११५, असा. सरळ शून्यावर पडून तिथेच थांबत नाही. पॉटला तीन तारा असतात. एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड, आणि मधली तार आकडा घेऊन येते. पाच व्होल्टची तार मधूनमधून तुटत असेल तर मधली तार ग्राउंडकडे ओढली जाते, म्हणजे शून्य, म्हणजे तुमचं नाक डावीकडे.

आता दुसरा भाग. पूर्ण पिळल्यावर गायब होते म्हणजे तीच पाच व्होल्टची तार ग्राउंडला टेकते आहे, असा माझा अंदाज. शॉर्ट झाला की जॉयस्टिकचं चिपसेट बंद पडतं, आणि मशीन तो पोर्ट सांभाळायला बंद करतं. म्हणूनच कधी कधी रीस्टार्टशिवाय परत येत नाही. मदरबोर्डचे पोर्ट हे सहन करतात, पण किती वेळा करायचं?

पिळायच्या जॉयस्टिकमध्ये पॉट दांड्यात असतो आणि त्याच्या तारा दांड्यातून खाली बुडाशी जातात. प्रत्येक पिळीला त्या तारा पिळल्या जातात. हा या बनावटीचा जन्मजात दुबळेपणा, कंपनी कुठलीही असो.

मी नौपाड्यात असतो, रिटायर झाल्यावर घरीच टेबल मांडलंय. उद्या सकाळी या ट्रान्स-हार्बरने. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. पैशांचं बोललात तर दार उघडणार नाही.

---

आईशप्पथ | शनिवार, संध्याकाळी ७:३८

"नवीन घ्या" मागे घेतो. काका, माझा मिक्सर बघता का?

---

तीन_तारा | शनिवार, संध्याकाळी ७:४१

मिक्सर नाही.

---

खाडीकाठ | रविवार, दुपारी ४:१५

आत्ताच ठाण्याहून आलो. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला लागेल.

स्क्रू रबरी पायांच्या खाली लपलेले असतात. पाय नखाने उचकटायचे, ड्रायरची जरा गरम हवा दिली की सहज निघतात. बूड उघडल्यावर आत एक बोर्ड, दोन पॉट आणि मोठी स्प्रिंग. ती उडते, काकांनी आधीच वर तळहात धरला होता. दांड्याचे दोन अर्धे वेगळे केले की आत पिळायचा पॉट, त्याच्या मागून लाल, काळी आणि पांढरी अशा तीन तारा, अगदी केसासारख्या बारीक. तिथून त्या एका प्लॅस्टिकच्या कडेवरून वळून खाली जातात.

त्या कडेपाशी काकांनी भिंग धरलं. लाल तारेचं आवरण पार घासून गेलेलं, आतल्या तांब्याच्या धाग्यांपैकी जेमतेम दोन-तीन शिल्लक, बाकीचे तुटून मिशांसारखे बाहेर आलेले. तांब्याला हिरवट झाक, ती मात्र खाडीच्या हवेची, असं काका म्हणाले. शेजारच्या काळ्या तारेच्या आवरणालाही त्याच जागी एक चीर. दांडा डावीकडे पिळला की लाल तारेच्या मिशा बरोब्बर त्या चिरेत जाऊन टेकायच्या. मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक लालला, एक काळ्याला, आणि काकांनी मला पिळायला सांगितलं. शेवटच्या टोकाला बझर वाजला. पुन्हा पिळला, पुन्हा वाजला.

पॉट स्वतः ठणठणीत. काकांनी काट्याचा जुना मीटर लावून तो सावकाश फिरवला, काटा कुठेही न अडखळता सरकत गेला. डिजिटल मीटरवर हे नीट कळत नाही म्हणाले, आकडे बदलतच राहतात.

तिन्ही तारा बदलल्या, नुसती लाल नाही. सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तार घेतली, ती पिळवटायला जास्त सोसते. दोन्हीकडे सोल्डर, वर श्रिंक स्लीव्ह. दांड्यात तार ताणून न लावता एक सैल वेटोळं सोडलं. ज्या कडेवर तारा घासत होत्या ती कानशीने गोल केली. आधी बंद करण्यापूर्वीच तपासायचं म्हणून मशीनला न लावता काकांच्या जुन्या पॉवरबँकवर लावून पाच व्होल्ट पॉटपर्यंत पोचतात का बघितलं, पिळून पिळून.

घरी येऊन लावली. टेबलाला धक्के देऊन झाले. दोन तास उडवतोय, टुडुंग नाही.

एक किरकोळ राहिलंय. नाक आता उजवीकडे किंचित, अगदी किंचित जातंय. कायमचं. आणि गेममध्ये मी नेमलेली सगळी बटणं पुसली गेलीत.

---

बिट_बाय_बिट | रविवार, दुपारी ४:४०

झकास! असा सविस्तर वृत्तांत लिहिणारे कमीच.

उजवीकडे जाण्याचं उत्तर: आकडा शून्यावर उड्या मारत असताना तुम्ही विंडोजमध्ये कॅलिब्रेट केलं होतंत का? केलं असेल तर ती चुकीची मापं अजून साठवलेली आहेत. ती जॉयस्टिकमध्ये नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात, त्या मॉडेलच्या नावावर. जॉयस्टिक काढून लावली तरी तीच मापं लागू होतात. रनमध्ये "जॉय डॉट सीपीएल", प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, "रीसेट टू डिफॉल्ट". लगेच पुन्हा कॅलिब्रेट करू नका. आधी नुसतं बघा. चांगल्या जॉयस्टिकला बरेचदा गरज नसते.

बटणांचं: तुम्ही या वेळी दुसऱ्या पोर्टला लावली असणार. बऱ्याच जॉयस्टिकमध्ये सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज तिला पोर्टवरून ओळखतं. पोर्ट बदलला की काही गेमच्या लेखी ती नवीन जॉयस्टिक. जुन्या पोर्टला लावा, नेमणुका परत येतील.

आणि त्या काळात गेममध्ये रडरचा डेडझोन वाढवला असेल तर खाली आणा.

---

खाडीकाठ | रविवार, संध्याकाळी ५:०५

तिन्ही अंदाज बरोबर! कॅलिब्रेट केलं होतं, पोर्ट बदलला होता, डेडझोन ३० टक्के करून ठेवला होता. रीसेट केलं, १२८. जुना पोर्ट, बटणं परत.

---

जुनाट | रविवार, संध्याकाळी ५:३०

अडॅप्टर मागवलाय. तीन_तारा, माझ्या जॉयस्टिकचा दांडा मऊ आहे पण आकडा थरथरेल असं वाटतंय, इतकी वर्षं माळ्यावर होती. पॉटवर दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे मारला तर चालेल?

---

तीन_तारा | रविवार, संध्याकाळी ६:१०

तो नको. तो तेलकट थर मागे ठेवतो, त्यावर धूळ चिकटते आणि चार महिन्यांनी थरथर दुप्पट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मागा, पॉटला चालतो ना हे विचारून घ्या, कारण काही क्लीनर प्लॅस्टिक खातात. पॉटच्या पाठीमागे तारांजवळ बारीक फट असते, तिथे नळी लावून अगदी थोडा मारा, मग दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. सुकू द्या आणि मगच लावा. तरीही थरथरला तर कार्बनची पट्टीच गेली, मग पॉट बदलायचा. १०० किलोओहमचा, लिनिअर. रेडिओच्या आवाजाच्या बटणासाठी मिळतो तो लॉगचा असतो, तो घेतलात तर दांडा अर्धा येईपर्यंत विमान हलणार नाही आणि मग एकदम डोक्यावर उभं राहील.

दांड्याच्या आतल्या खोबणीत बसेल अशा लांबीचा शाफ्ट बघून घ्या. जुना पॉट खिशात टाकूनच दुकानात जा.